ड्रोन अनुदानात मिळाला, बॅटरी सांभाळायची कुणी?

परवा दौंड तालुक्यातल्या एका ऊसवाल्या मित्राच्या वस्तीवर गेलो होतो. चहा येईपर्यंत गोठ्याकडं नजर गेली. कडब्याच्या पेंढ्यांना टेकवून फवारणीच्या ड्रोनच्या दोन बॅटऱ्या ठेवलेल्या. त्यातली एक उशीसारखी फुगलेली. शेजारी जनरेटरच्या डिझेलचा कॅन, वर तापलेला पत्रा. मी म्हटलं, "अण्णा, ही अशी का ठेवलीय?" म्हणाला, "खराब झालीय, पण टाकवंना. लई पैसे गेलेत तिच्यात."

तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे.

आपल्या शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात ड्रोन आता नवलाईचा राहिला नाही. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरायला माणूस मिळत नाही, आणि आत बिबट्या असेल ही भीती वेगळीच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, तेव्हा रात्री बिबट्या शोधायलाही थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोनच कामाला आला. म्हणजे ड्रोन पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही.

सरकारनं 'नमो ड्रोन दीदी' योजना आणली. १२६१ कोटींची तरतूद, बचत गटाला ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. संचात चार जादा बॅटरी सेट, चार्जर, १५ दिवसांचं प्रशिक्षण, एक वर्षाचा विमा, दोन वर्षांची देखभाल. कागदावर चांगलंच आहे. पण चार जादा सेट का दिले, याचा विचार करा. दहा लिटरचा ड्रोन एका बॅटरीवर सात-दहा मिनिटं उडतो, साधारण एकरभर फवारतो आणि खाली येतो. म्हणजे धंदा ड्रोनवर नाही, बॅटरीवर चालतो. बैल दावणीला आणि वैरण संपली, अशी गत व्हायला वेळ लागत नाही.

आणि ही बॅटरी ट्रॅक्टरच्या बॅटरीसारखी नाही. पाणी घातलं, टर्मिनल पुसलं की झालं, असं चालत नाही. लिथियमच्या एका सेलचा दाब पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट असतो. ३ व्होल्टच्या खाली गेला की सेल कायमचा बिघडतो. चार-आठ दिवस काम नसेल तर ती फुल्ल करूनही ठेवायची नाही आणि रिकामीही नाही. ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण निम्मी भरून ठेवायची. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. "लाईट आलीय तर लावून ठेव, सकाळी कामाला येईल," म्हणून रात्रभर चार्जिंगला. सकाळी पाऊस आला, काम रद्द, आणि फुल्ल बॅटरी आठवडाभर पत्र्याखाली. उन्हाळ्यात अशी ठेवलेली बॅटरी झपाट्यानं म्हातारी होते. आत वायू धरतो, ती फुगते.

हे शहाणपण काही नवीन नाही. इलेक्ट्रिक मॉडेल विमानं उडवणारी हौशी मंडळी वीसेक वर्षांपासून हेच सांगतायत. उडून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, आधी सावलीत गार होऊ द्या. सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापरा. चार्जिंग चालू असताना सोडून जाऊ नका. आपटलेली, भोक पडलेली, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. त्यांच्या खेळण्यात बॅटरी मुठीएवढी असते, आपल्या ड्रोनची किलोकिलोंची. पेटली तर धूर विषारी, आणि विझली असं वाटल्यावर पुन्हा भडकते. कडब्याच्या गोठ्यात हे झालं तर? दावणीला जनावरं बांधलेली असतात, हे विसरू नका.

आता माझा मुद्दा. परवाना ड्रोन उडवणाऱ्याकडं असतो. बॅटरी मात्र हाताळतो त्याच्यासोबतचा पोरगा. तोच दुचाकीवर पोत्यात घालून नेतो, तोच जनरेटरवर चार्ज करतो. त्याला कुणी काही शिकवलंय का? गावात फिरून विचारलं, तर बहुतेकांनी सांगितलं, "बघून बघून शिकलो." पोरांचा दोष नाही. माहितीपुस्तिका इंग्रजीत, आणि ती खोक्यातच राहते.

दुसरं म्हणजे, मेलेली बॅटरी द्यायची कुणाला? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहे. जमिनीत पुरायला आणि जाळायला मनाई आहे. पण वस्तीवरच्या माणसाला तो उत्पादक भेटणार कुठं? मग ती गोठ्यात राहते, नाहीतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. त्यानं हातोडा घातला की काय होईल, ते सांगायला नको.

मागणी मोठी नाही. तालुका कृषी कार्यालयानं मराठीत एक पानाची सूचना काढावी आणि ड्रोनसोबत प्रत्येकाला द्यावी. प्रशिक्षणात सोबतच्या पोरालाही एक दिवस बसवावं. साखर कारखान्यांच्या गट कार्यालयात निकामी बॅटऱ्या जमा करायची सोय करावी आणि विक्रेत्यांनी तिथून उचलाव्यात. आपल्याच रांजणगावात केंद्र सरकारनं इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांचं क्लस्टर मंजूर केलंय. तिथून वीस-तीस किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला जुनी बॅटरी द्यायला जागा नसावी, हे काही बरोबर नाही.

अण्णाची ती फुगलेली बॅटरी आम्ही त्याच दिवशी गोठ्यातून काढली. मोकळ्या जागी, झाडाच्या सावलीत, वाळूनं भरलेल्या लोखंडी घमेल्यात ठेवली. विक्रेत्याला फोन लावला, "बघतो" म्हणाला. अजून बघतोच आहे.

तुमच्या वस्तीवर ड्रोन असेल तर आज एकदा गोठ्यात जाऊन बघा. आणि बॅटरी हाताळणाऱ्या पोराला ही पोस्ट वाचून दाखवा.