पांढऱ्या पेशींना वाट कोण दाखवतं?



पायाला जखम होते आणि दोन दिवसांनी गाठ मात्र जांघेत येते. आजी लगेच सांगते, "अवधाण आलंय." जखम एकीकडे आणि गाठ दुसरीकडे, असं का होत असेल?

वासाची वाट

जिन्यात पाऊल टाकताच कुणाच्या घरी फोडणी पडली ते नाकाला कळतं. वास वाढत जातो तिकडे गेलं की ते घर सापडतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काहीशा अशाच जखमेपर्यंत पोहोचतात. जखमेजवळच्या पेशी केमोकाइन नावाची छोटी प्रथिनं सोडतात. जखमेपाशी ती दाट असतात, लांब गेलं की विरळ. पांढऱ्या पेशींच्या अंगावर ती ओळखणारी जणू नाकंच असतात. त्यांना केमोकाइन रिसेप्टर म्हणतात.

काही पेशी जखमेतल्या जंतूंचे तुकडे उचलतात आणि सीसीआर७ हा रिसेप्टर अंगावर आणतात. तो त्यांना जवळच्या लसिका ग्रंथीत नेतो. तिथे योग्य टी-पेशींना जंतूची ओळख पटते, त्या भराभर वाढतात आणि ग्रंथी सुजते. हेच आजीचं अवधाण! तयार झालेल्या टी-पेशी मग सीसीआर५ सारखे दुसरे रिसेप्टर घेऊन जखमेकडे निघतात.

चोराने शोधलेलं दार

१९९६ मध्ये शास्त्रज्ञांना कळलं, की एचआयव्ही टी-पेशीत शिरताना सीडी४ या रेणूला चिकटतो आणि बहुतेक वेळा हाच सीसीआर५ दारासारखा वापरतो. काही मोजक्या लोकांत जन्मतःच हे दार नसतं. अशाच एका दात्याच्या मूळपेशी २००७ मध्ये बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी दिल्या, आणि त्यांचा एचआयव्हीही गेला. हा उपचार फार धोक्याचा असल्याने सर्वांना देता येत नाही. पण सीसीआर५ अडवणारी मॅराविरॉक ही गोळी त्याच वर्षी आली.

चेन्नईची मराठी लेक

मी राहते त्या चेन्नईत १९८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातली एचआयव्हीची पहिली लागण शोधून काढली. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, इथल्याच मराठी घरातल्या. तेव्हा अशा रुग्णांना घरचेसुद्धा दूर लोटत. सुनीतीताईंनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने 'वाय. आर. गायतोंडे' केंद्र उभारलं आणि रुग्णांना जवळ केलं. २०१५ मध्ये त्या गेल्या. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आज सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. ती रोज घेतली तर माणूस वर्षानुवर्षं चांगलं जगतो. भीती मात्र अजून गेलेली नाही. म्हणून घरातल्या लहानांनाही सांगा: हात मिळवल्याने, मिठी मारल्याने किंवा एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही. हवं असलेल्या दारापर्यंत हा विषाणू अशाने पोहोचतच नाही.

आणि हो, अवधाण दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, तर आजीच्या लेपावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.