लाल चिखल किती दिवस?

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा असंख्य मराठी वाचकांनी शालेय वयात वाचली आहे. भाव मिळत नाही म्हणून भर बाजारात स्वतःचेच टोमॅटो पायांखाली तुडवणारा त्या कथेतील शेतकरी विसरता येत नाही. दुर्दैव असे की, कथा जुनी झाली. तो चिखल मात्र अजून वाळलेला नाही. २०२३च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना किलोमागे दोन-तीन रुपये मिळू लागले. तोडणीचा आणि वाहतुकीचा खर्चही निघेना, तेव्हा अनेकांनी माल रस्त्यावर ओतला, काहींनी उभे पीक सोडून दिले. अवघ्या दोन महिन्यांत शहरांमध्ये त्याच टोमॅटोने शंभरी ओलांडली. सरकारला सवलतीच्या दरात विक्री करावी लागली आणि ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आणण्याचा निर्णय घ्यावा लागला.

हा देश टोमॅटोच्या उत्पादनात जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. जगात दरवर्षी साधारण साडेअठरा कोटी टन टोमॅटो पिकतो. त्यातील एक तृतीयांशाहून अधिक एकट्या चीनमध्ये, तर सुमारे दोन कोटी टन भारतात पिकतो. तुर्कस्तान, अमेरिका, इटली, इजिप्त हे देश त्यानंतर येतात. आपली हेक्टरी उत्पादकता जागतिक सरासरीपेक्षा कमी आहे, हे खरे. परंतु मे महिन्यातील शेतकरी कमी पिकल्यामुळे बुडाला नव्हता. त्याने पिकवले होते. घेणारे कोणी नव्हते.

इटलीचे एकूण उत्पादन भारताच्या एक तृतीयांशही नाही. तरीही इटलीचा डबाबंद टोमॅटो जगभरच्या स्वयंपाकघरांत पोहोचला आहे. तेथे शेतकऱ्यांच्या संघटना आणि प्रक्रिया उद्योजक हंगामासाठी वाटाघाटी करून दराची चौकट ठरवतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील शेतकरीही प्रक्रियेचा टोमॅटो कराराने पिकवतात. कोणासाठी आणि कोणत्या दराने पिकवायचे, हे रोप लावण्याआधी ठाऊक असले की शेती हा जुगार राहत नाही. शिवाय प्रक्रियेसाठी गर जास्त आणि पाणी कमी असलेले वाण लागतात. आपल्याकडील बहुतांश टोमॅटो भाजीबाजारासाठी पिकतो. तेथे न खपलेला माल पुढे कारखान्यालाही फारसा सोयीचा नसतो.

मात्र परकीय प्रतिमानांचे आंधळे अनुकरण करूनही भागणार नाही. कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात तोडणीचे यंत्र आले. त्याच्या जोडीला एकाच वेळी पिकणारे, जाड सालीचे वाण आले. उत्पादन वाढले, पण सुमारे चार हजार उत्पादकांपैकी दशकभरात जेमतेम सहाशे उरले. चीनच्या शिनजियांग प्रांतातील टोमॅटोच्या आयातीवर अमेरिकेने २०२१मध्ये सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून बंदी घातली. लहान शेतकऱ्याला शेताबाहेर काढून किंवा मजुराला वेठीस धरून मिळणारी स्वस्ताई भारतासारख्या अल्पभूधारकांच्या देशाला परवडणारी नाही.

आपली वाट आपल्याच अनुभवातून निघते. दूध नासते, ऊसही तोडल्यावर थांबत नाही; तरी आणंदच्या दुग्ध उत्पादकांनी आणि प्रवरेच्या ऊस उत्पादकांनी एकत्र येऊन प्रक्रियेची मालकी स्वतःकडे घेतली. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्याच कंपनीने टोमॅटो प्रक्रियेतही हे शक्य असल्याचे दाखवले आहे. असे प्रयत्न नारायणगाव, पिंपळगाव बसवंत, कोलार, मदनपल्ले या मोठ्या बाजारपेठांच्या परिसरात का उभे राहू नयेत?

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. २०१८-१९च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा व बटाट्यासाठी ‘ऑपरेशन ग्रीन्स’ ही ५०० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. पाच वर्षांनी जे घडले, त्यावरून ही तरतूद बांधापर्यंत किती पोहोचली, याचा हिशेब मागितला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, ग्राहक टोमॅटोसाठी मोजतो त्या रुपयातील सुमारे ३३ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात.

भाव कडाडले की वृत्तवाहिन्या जाग्या होतात, मंत्रालये हलतात, आयातीचे आदेश निघतात. भाव कोसळतात, तेव्हा मात्र शेतकरी एकटा असतो. शहरी ग्राहकाच्या जुलैतील संतापाची मुळे शेतकऱ्याच्या मे महिन्यातील हताशेत असतात. भाव पडल्यावर सोडून दिलेल्या शेतांतूनच पुढची टंचाई उगवते. म्हणून शेतकऱ्याला मे महिन्यात सावरणे ही ग्राहकावरचीही मेहेरबानी आहे. हे उमगेपर्यंत जगातला दुसरा क्रमांक कागदावर मिरवत राहील आणि रस्त्यावर लाल चिखलच दिसेल.