आधी पाणी, मग मासे

काचेची टाकी घरात आली की त्याच संध्याकाळी तिच्यात मासे सोडायचे, ही आपल्याकडे जवळजवळ रीतच झाली आहे. गृहप्रवेशाची भेट म्हणून टाकी येते, नळाचं पाणी भरलं जातं, दिवा लागतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणलेले पाच-सहा मासे आत जातात. आठ-पंधरा दिवसांत त्यांतले निम्मे उलटे तरंगू लागतात. मग घरातलं कुणी जाणतं माणूस समाधान करतं, "बरं झालं, घरावरचं अरिष्ट माशाने आपल्यावर घेतलं." माझा राग आहे तो या वाक्यावर. अरिष्ट घरावर नव्हतंच. ते पाण्यात होतं, आणि ते आपणच तयार केलं होतं.

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच मलमूत्र सोडतो. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यात आणखी भर पडते. नदीत, तळ्यात हे विष पसरून जातं आणि तिथले जीवाणू ते संपवतात. नव्या टाकीत ते जीवाणू नसल्यातच जमा. पाणी काचेसारखं नितळ दिसतं, पण मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. त्याचे कल्ले भाजत असतात.

टाकीत दोन टप्प्यांचं काम व्हावं लागतं. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, त्याने माशाचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी असतं आणि अधूनमधून पाणी बदललं की आटोक्यात राहतं. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जीवाणूही असतो, हे २०१५ साली समजलं. म्हणजे शास्त्र अजून शिकतंच आहे, पण माशाला आधी तयार पाणी हवं, एवढं कधीच ठरून गेलं आहे.

हे जीवाणू फार सावकाश वाढतात. त्यांची वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात अमोनिया पुरवायला 'दणकट' मासे सोडा, असा सल्ला अनेक दुकानांत मिळतो. दणकट म्हणजे काय, तर मरायला जास्त वेळ घेणारे! त्यापेक्षा अमोनियाच विकत आणून घालावा, मासे घालूच नयेत, ही रीत मला सर्वांत सभ्य वाटते.

करायचं एवढंच. टाकी भरावी, क्लोरिन घालवावा, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवावा. अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅम होईल इतपत घालावा. आपल्या कल्हईवाल्यांचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. मात्र टाकीसाठी तो रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्यावा. १०० लिटर पाण्याला सुमारे ०.६ ग्रॅम पुरतो. रोज चाचणीच्या थेंबांनी पाणी तपासावं. अमोनिया उतरला की पुन्हा थोडा घालावा. आधी नायट्राइट चढतं, मग तेही उतरू लागतं. पूर्ण मात्रा घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टाकी तयार. मग साठलेलं नायट्रेट काढण्यासाठी बरंचसं पाणी बदलावं आणि मासे आणावेत. जीवाणू स्पंजावर, खड्यांवर चिकटून असतात, त्यामुळे पाण्याबरोबर ते जात नाहीत.

गोव्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असतं. जीवाणूंचं काम चालू झालं की ते आणखी आम्ल होतं आणि मग कामच थंडावतं. अशा वेळी तिसऱ्यांच्या धुऊन उकळलेल्या मूठभर शिंपल्या फिल्टरमध्ये टाकल्या तर पाणी सावरतं. त्या आपल्याकडे कुठे विकत आणाव्या लागतात?

माझी टाकी महिनाभर रिकामी होती तेव्हा येणारा-जाणारा विचारी, "टांकी आसा, नुस्तीं खंय?" मी म्हणे, "विरजण लावलंय." उत्तर थट्टेचं होतं, पण खोटं नव्हतं. दूध घातल्याबरोबर दही मागत नाही आपण. शेजारच्या घरचं कवडीभर विरजण मिळालं तर काम लवकर होतं. इथेही मुरलेल्या, निरोगी टाकीतल्या स्पंजाचा तुकडा मिळाला तर आठवडे वाचतात. खाजनातसुद्धा पावसाने मिठाचा जोर धुऊन काढल्यावरच भाताचं बी पडतं. पाण्याला आणि मातीला वेळ द्यावा लागतो, हे आपल्याला नव्याने कुणी शिकवायला नको.

"रोज ताटात नुस्तं लागतं आणि टाकीतल्या माशाचा एवढा कळवळा?" असंही मला विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. मीही नुस्तं खाणाराच. पण खाण्यासाठी मासा मारणं वेगळं आणि घरी पाहुणा म्हणून आणलेल्याला विषात बुडवून त्याची गंमत पाहणं वेगळं. पहिल्यात निदान आपण काय करतो ते आपल्याला माहीत असतं. दुसऱ्यात आपण वर अरिष्टाची कथा रचून हात झटकतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. टाकी भेट द्यायचीच असेल तर तिच्यासोबत मासे देऊ नका. नवसागराची पुडी आणि चाचणीचा संच द्या, आणि यजमानांना सांगा, "मासे पाहायला आम्ही महिन्या-दीड महिन्याने येऊ." भेट थोडी विचित्र वाटेल खरी, पण तिच्यात कुणाचा जीव जाणार नाही.