नाचणी खा, पण गोळी बंद करू नका!

"डॉक्टर, महिनाभर नाचणी खातोय. आता शुगरची गोळी बंद करू का?" हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून तर जास्तच.

आपल्या नाशिक जिल्ह्यात ही धान्ये नवीन नाहीत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागात नाचणी आणि वरई, तर येवला, सिन्नरकडे बाजरी. ती ताटात परत यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात जेमतेम १० च्या आसपास. शिवाय नाचणीत तंतुमय पदार्थही भरपूर असतात.

पण नाचणीत पिष्टमय पदार्थ जवळजवळ गव्हाइतकेच असतात. त्यामुळे दोन पोळ्यांच्या *जोडीला* नाचणीची भाकरी खाल्ली तर साखर वाढणारच. भाकरी पोळीच्या *ऐवजी* हवी.

दुसरा मुद्दा, धान्य कोणत्या रूपात खातो. जाडसर पिठाची भाकरी सावकाश पचते. तेच पीठ वस्त्रगाळ करून पातळ पेज केली, तर साखर लवकर चढते. लहान बाळाला सत्त्व उत्तम, मधुमेहींना भाकरी बरी. उपवासाची पांढरीशुभ्र भगर म्हणजे कोंडा काढलेली वरई. तिच्यातले तंतू बरेचसे गिरणीतच राहतात. आणि नाचणीच्या बिस्किटात नाचणी किती, मैदा आणि साखर किती, हे पाकिटामागे वाचा.

जुन्या पद्धतींत मात्र शहाणपण होते. नाचणीला मोड आणल्याने किंवा पीठ आंबवून आंबील केल्याने फायटेट कमी होते आणि लोह, कॅल्शियम अंगी लागते. भाकरीसोबत डाळ, पालेभाजी, लिंबाची फोड घ्या. जेवणावर लगेच चहा नको.

काही जणांनी जपून राहावे. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिअॅक आजार असलेल्यांना खपली गहूही चालत नाही. तोही गहूच आहे. थायरॉइडचा त्रास असेल तर रोज फक्त बाजरीच नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

भाकरी हे अन्न आहे, औषध नाही. ती नियमाने खाऊन, वजन उतरून साखर आटोक्यात आली, तर गोळी कमी करता येतेही. पण तो निर्णय रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी घ्यायचा, शेजाऱ्यांनी किंवा व्हॉट्सॲपने नाही.