क्रॉस कनेक्शन

गाडीतून विचित्र आवाज यायला लागला की तुम्ही पहिल्यांदा काय करता? खरं सांगा. एफएमचा आवाज वाढवता ना? मीही तेच केलं. चांगले दोन महिने!

बाबांची जुनी डिझेल जीप हल्ली माझ्याकडे असते. रिव्हर्समधून फर्स्टला टाकली की खालून एक ‘टक्’. पार्किंगमधून हळू बाहेर काढताना चिमणीसारखी चिवचिव. वेग वाढला की चिवचिव ऐकू येईनाशी व्हायची. म्हटलं, म्हातारी गाडी आहे, थोडं बोलणारच!

मग एका शुक्रवारी संध्याकाळी ऑइल बदलायला गॅरेजमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी सहा जणांचा प्लॅन ठरला होता. ताम्हिणी घाट उतरून थेट कोकण. मी गाडी मागे घेत होते, तेवढ्यात काकांनी हात वर केला. ‘ताई, परत एकदा रिव्हर्स टाका बरं.’ टक्. ‘कधीपासून वाजतंय हे?’ मी म्हटलं, ‘झाले थोडे दिवस.’ काकांनी फक्त बघितलं. काकांना सगळं कळतं.

गाडी खड्ड्यावर गेली, मीही खाली उतरले. गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत एक लांब लोखंडी नळा जातो, तो प्रोपेलर शाफ्ट. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना तोच पोचवतो. पण खड्ड्यात अॅक्सल वर-खाली होतो, मग शाफ्ट वाकणार कुठे? त्यासाठी दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा असतो. पुस्तकात युनिव्हर्सल जॉइंट, गॅरेजमध्ये नुसता ‘क्रॉस’. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, टोप्यांमध्ये सुईएवढ्या बारीक रोलरची बेअरिंग्ज. आयडिया जुनी आहे बरं का! सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने यावर काम केलं, म्हणून याला हूकचा जॉइंटही म्हणतात.

काकांनी जॉइंटच्या अलीकडे एक हात, पलीकडे दुसरा हात धरला आणि उलट-सुलट पिळलं. क्रॉस टोपीत खुळखुळत होता. शाफ्ट उतरवून टोपी काढली तर आत ग्रीसचा पत्ताच नाही. नुसती तांबडी गंजाची पूड! ती चिवचिव म्हणजे सुक्या सुयांचं रडणं होतं.

‘उद्या घाटात हा तुटला असता तर?’ मी विचारलं. काका शांतपणे म्हणाले, ‘इंजिन चालू राहिलं असतं, पण चाकांशी त्याचा संबंध संपला असता.’ म्हणजे उतारावर सेकंड गिअरमध्ये इंजिन गाडीला जे रोखून धरतं, ते बंद. सगळा भार ब्रेकवर. आणि शाफ्टचं पुढचं टोक खाली पडून रस्त्यात रुतलं तर गाडी उचललीही जाऊ शकते. मागच्या सीटवर कोण कोण बसणार होतं, ते सगळे चेहरे डोळ्यांसमोरून गेले.

घरी फोन केला. बाबांचा पहिला प्रश्न, ‘निपलमध्ये ग्रीस कधी मारलं होतंस?’ मी म्हटलं, ‘कुठलं निपल?’ पलीकडे बराच वेळ शांतता.

तर मंडळी, माझ्यासारखं करू नका. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, जिप्सी, जुनी ओम्नी, ज्या गाडीला प्रोपेलर शाफ्ट आहे तिच्या खाली एकदा डोकावाच. सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना पुढून-मागून दगड. शाफ्ट पिळून बघा. अख्खा शाफ्ट किंचित फिरला तर घाबरू नका, तेवढी ढील गिअरमध्ये असते. पण जॉइंटच्या दोन बाजू वेगवेगळ्या हलल्या, की क्रॉस गेलाच. आता ग्रीस मारून उपयोग नाही, बदलायचाच.

जॉइंट घट्ट असेल तर ग्रीस गन घ्या. आधी निपल पुसून घ्या, नाहीतर धूळच आत जाईल. चारही टोप्यांच्या कडेतून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारा. तीनच टोप्यांतून आलं, तर चौथी कोरडी आहे, तिच्यावर नजर ठेवा. किती किलोमीटरला मारायचं ते मॅन्युअलमध्ये असतं. पण गाडी ओढ्यातून काढली असेल तर तेवढी वाट बघू नका. काही क्रॉस सीलबंद येतात, त्यांना निपलच नसतं. ते खराब झाले की थेट बदला.

बदलायचं काम गॅरेजवर सोडलं तरी उभं राहून दोन गोष्टी बघा. शाफ्ट काढण्याआधी खुणा केल्या का? तो होता तसाच परत बसायला हवा, नाहीतर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरेल. आणि टोपी बसताना एखादी सुई आडवी पडली, तर टोपी पूर्ण आत जात नाही आणि लॉक बसत नाही. तिथे हातोडी मारून काम उरकू देऊ नका.

हॅचबॅकवाल्यांनो, हसू नका! तुमच्या पुढच्या चाकांना सीव्ही जॉइंट असतात. पूर्ण वळण घेताना टक-टक आली तर त्यांचे रबरी बूट फाटलेत का ते बघा.

आमची ट्रिप एक आठवडा पुढे गेली. ग्रुपवर मला भरपूर शिव्या बसल्या. त्या शनिवारी सगळ्यांना जेवायला नेऊन माफी मागितली. हॉटेलचं बिल क्रॉसच्या बिलापेक्षा जास्त झालं!

आता जीपमध्ये एक नियम आहे. पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत एफएम बंद. आधी गाडीचं ऐकायचं, मग आरजेचं.