कात आणि कोश

कोठेही बदल दृष्टीस पडला की त्यास ‘कायापालट’ म्हणण्याची खोड आमच्या लेखकांस जडली आहे. रस्ता रुंद झाला, कायापालट. पाटी बदलली, कायापालट. जेथे तो खरोखर झाला तेथे मात्र हेच पंडित ‘हे तर नुसते नामांतर’ म्हणून नाक मुरडतात. येवल्याच्या घोषणेसंबंधी हा आक्षेप आजही ऐकू येतो. त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

निसर्ग इतका ढिसाळ नाही. साप कात टाकतो, पण आतला साप तोच असतो. रेशमाची अळीही चार वेळा कात टाकते. प्रत्येक वेळी ती वाढते, परंतु अळीच राहते. रूपांतर होते ते त्यानंतर, कोशात. तेथे जुने अवयव बहुतांशी विरघळतात आणि अळीच्या देहात आधीपासूनच निजलेले पेशींचे पुंज पंख व डोळे घडवितात. पंख तिला बाहेरून कोणी बहाल करीत नाही.

हीच कसोटी नाशिकास लावून पाहावी. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. पुढे १९४७ च्या कायद्याने मुंबई प्रांतातील देवळे खुली झाली. ती कात होय; स्वागतार्ह, परंतु कातच. उलट १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. आंबेडकरांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असे जाहीर केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. मधल्या एकवीस वर्षांस आक्षेपक चालढकल म्हणतात. आम्ही कोश म्हणतो. दुसऱ्याने दार उघडावे म्हणून तिष्ठणारा माणूस त्या काळात विरघळला.

‘दीक्षेनंतरही अन्याय उरलाच ना?’ असे कोणी विचारील. उरला. परंतु पाखरू उडाले म्हणून झाड बदलत नाही. तो दोष पाखराच्या माथी का मारावा?

येवले हे पैठणीचे गाव. रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोश पाखरू निघण्यापूर्वीच उकळतात. पाखरू बाहेर आले तर धागा तुटतो. आमच्या समाजासही नेमके हेच हवे असते. जयंतीची मिरवणूक हवी, पुतळा हवा; धर्मांतराचा अर्थ मात्र नको. वस्त्र हवे, पाखरू नको. ज्यांस हा सौदा मानवतो त्यांनी त्यास खुशाल व्यापार म्हणावे. कायापालट म्हणू नये.