चुलीतले लाकूड

विहारात भन्तेजींनी ‘तृष्णा सोडा’ असे सांगितले की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात शंका येते. ज्यांच्या हाती आधीच काही नाही, त्यांनी आणखी सोडायचे तरी काय?

शंका रास्त आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूज्य बाबासाहेबांनी तिचे उत्तर दिले आहे. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे शरणागती नव्हे. पीडिताने आपली स्थिती बदलू नये, असे भगवान बुद्धांनी कधीही सांगितले नाही, असे ते बजावतात.

मग सोडायचे काय? धम्म सांगतो, वेदनेतून तृष्णा उपजते आणि तृष्णेतून उपादान. पालीत ‘वेदना’ म्हणजे नुसते दुखणे नव्हे; सुखाची जाणीवही वेदनाच. ‘उपादान’ म्हणजे घट्ट धरून बसणे. या शब्दाचा दुसरा अर्थ आहे सरपण! लाकूड सारत राहिलो तर चूल विझणार कशी?

समजा, वडिलांच्या पश्चात चाळीतल्या खोलीवरून दोघा भावांत वाद आहे. हिस्सा जरूर मागावा, वडीलधाऱ्यांना बसवावे, वेळ पडल्यास कोर्टात जावे. तो हक्क आहे. पण ‘त्याने माझ्याशी असे केलेच कसे?’ हे आपण रोज जेवताना उगाळतो. झोप उडते, मुलांना चुलत भावंडे परकी होतात. हिश्श्यात मात्र एक वीतही वाढ होत नाही. हे उगाळणे म्हणजे सरपण.

यावर साधना आहे आनापानसती. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची विपश्यना शिबिरे शुल्काशिवाय होतात. पण ज्यांचा रोज बुडतो, त्यांना दहा दिवस कुठले? त्यांनी पहाटे नळाला पाणी येण्याआधी दहा मिनिटे बसावे. आत येणारा, बाहेर जाणारा श्वास नुसता जाणावा. भावाची आठवण येईल, छाती धडधडेल. तिला हाकलू नये, तिच्यात भरही घालू नये. ती उठते, थोडी थांबते, ओसरते. हेच अनिच्च. शेवटी त्या भावाचेही मंगल चिंतावे. पहिल्या दिवशी जमणार नाही, तरी चिंतावे.

राग येणे यामुळे थांबत नाही. पण राग आणि शब्द यांच्यामध्ये एका श्वासाची जागा होते. तेवढ्या जागेत आपण हक्काची गोष्ट न ओरडता, ठामपणे मांडू शकतो. येत्या पौर्णिमेपर्यंत घरातल्या सर्वांनी मिळून एवढे करून पाहू या.